हिरव्या शाईतलं ‘पुट अप’

माझे वडील ज्या कार्यालयात तेवीस वर्षं शिपाई होते, त्याच कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले. ते नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकाला घेतात तसं मला घेतलं. मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं होतं, आईचं शिक्षण पाचवीपर्यंत, म्हणून मी. वय चोवीस. मराठी घेऊन बी.ए. झालेली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. इंग्रजी टायपिंग चाळीसच्या वेगानं येत होतं, इंग्रजी येत नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात हे पुष्कळांना पटत नाही. पण बोटांना अक्षरांच्या जागा माहीत असल्या की पुरतं. अर्थ कळलाच पाहिजे असं टायपिंगच्या परीक्षेत कोणी विचारत नाही.

आम्ही मूळचे रोहण्याचे. वडील नोकरी लागल्यावर वर्ध्याला आले आणि पुढं नालवाडीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या. तिथून पहिल्या दिवशी मी सायकलनं कार्यालयात गेले. साहेबांच्या दाराबाहेर वडिलांचं स्टूल होतं तिथंच होतं, त्यावर आता दुसरे गृहस्थ बसत. मला बघून ते उठून उभे राहिले. मी म्हटलं, बसा काका. मग आत जाऊन मी माझ्या खुर्चीवर बसले. अशा वेळी माणसाला भरून येतं म्हणतात. मला तसं काही झालं नाही. मला फार छान वाटलं. ज्या टेबलांवर माझ्या वडिलांनी चहा ठेवला त्यातलं एक टेबल आता माझं होतं, आणि मी ते नीट चालवणार होते याबद्दल मला जराही शंका नव्हती.

आमच्या विभागाच्या मुख्य लिपिकांना सगळे मोठे बाबू म्हणत. त्यांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. त्यांनी मला रजिस्टरं दाखवली, कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि म्हणाले, काही अडलं तर विचारत जा. मी हो म्हटलं आणि पुढचे चार महिने त्यांना काहीही विचारलं नाही. अडत नव्हतं असं नाही. पण विचारलं की लोक म्हणतील, शिपायाची पोरगी, तिला काय कळणार. म्हणून मी जुन्या फायली काढून वाचायची आणि त्यातल्या टिपणींसारखी टिपणी लिहायची. आमचं कामकाज मराठीतच चालतं. ‘मान्यतेस्तव सादर’, ‘अवलोकनार्थ सादर’ असे शब्द मी भराभर उचलले. माझं अक्षर चांगलं होतं. मोठे बाबू एकदा म्हणालेसुद्धा की तुमच्या टिपणीत खोडायला काही सापडत नाही.

जानेवारीत नवे साहेब आले. दक्षिणेकडचे, तिशीतले, कमी बोलणारे. मराठी शिकत होते, पण पुस्तकातून. त्यामुळं त्यांचं मराठी शुद्ध असे आणि त्यात फाईल पुल्लिंगी असे. बोलायचे मराठी, पण घाईत शेरा मारायचा झाला की इंग्रजीत मारायचे, हिरव्या शाईनं, दोन किंवा तीन शब्द. मोठे बाबू तो वाचून ज्याच्या त्याच्या टेबलावर फाईल देत आणि काय करायचं ते सांगत. तेवढ्यानं आमचं भागत असे.

एके दिवशी मोठे बाबू नातीच्या बारशासाठी रजेवर होते आणि साहेबांकडून एक फाईल सरळ माझ्या टेबलावर आली. आष्टी तालुक्यातल्या एका लहान गावाची. गावाच्या मधून नाला वाहतो. अलीकडे वस्ती, पलीकडे अंगणवाडी आणि चौथीपर्यंतची शाळा. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की वाट बंद. गावातल्या बायकांनी अर्ज केला होता की आम्हाला रपटा बांधून द्या. रपटा म्हणजे ठेंगणा पूल, ज्याच्या पोटातल्या नळ्यांमधून पाणी वाहून जातं. अर्जाखाली सह्या होत्या, अंगठे होते. बांधकाम विभागाकडून नकाशा आणि अंदाजपत्रक येऊन फायलीला लागलेलं होतं. त्या अंदाजपत्रकाच्या कोपऱ्यात साहेबांनी हिरव्या शाईत दोनच शब्द लिहिले होते. पुट अप.

पुट म्हणजे ठेवणे. हे मला सातवीपासून ठाऊक. अप म्हणजे वर. वर ठेवा. कोणाला विचारण्यासारखं त्यात काय होतं? आमच्याकडे ज्या फायलींवर सध्या काही करायचं नसतं त्या लाल कापडात बांधून लोखंडी कपाटावर ठेवून देतात. साहेबांना हे काम आत्ता नको असेल असं मी समजले. फाईल कापडात बांधली, वर गावाच्या नावाची चिठ्ठी लावली, खुर्चीवर चढले आणि कपाटावर ठेवून दिली. रजिस्टरमध्ये नोंदही केली, ‘साहेबांच्या आदेशानुसार वर ठेवली.’

दोनेक आठवड्यांनी त्या गावातून एक बाई आल्या. अंगणवाडीत मदतनीस, वय पन्नाशीचं, उंच आणि काटक. अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. वर्ध्याला काही कामानं आल्या होत्या, म्हणून चौकशीला डोकावल्या. आमची फाईल कुठवर आली, असं त्यांनी विचारलं. मी रजिस्टर उघडून खणखणीत आवाजात सांगितलं, साहेबांनी वर ठेवायला सांगितली होती, वर आहे. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “वर गेली तं मंग झालंच समजा,” असं म्हणून त्यांनी मला हात जोडले आणि त्या गेल्या. मला जरा नवल वाटलं, पण समोर दुसरा माणूस कागद घेऊन उभा होता. सरकारी कार्यालयात आलेला माणूस ‘वर’ या शब्दाचा अर्थ वरचे अधिकारी असाच लावतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. बाईंनी गावात जाऊन सांगितलं की फाईल वर गेली, आता रपटा होणार.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा साहेबांनी मोठ्या बाबूंना आणि मला आत बोलावलं. मार्चच्या आत कोणकोणती कामं मंजूर होऊ शकतात याची यादी ते करत होते.

“तो नाल्याचा फाईल,” साहेब म्हणाले. “मी पुट अप लिहिला होता. आला नाही.”

मोठ्या बाबूंनी माझ्याकडे बघितलं.

“वर आहे सर,” मी म्हटलं.

“वर? कोणाकडे?”

“कपाटावर.”

मी बाहेर गेले, खुर्चीवर चढले, फाईल काढली, पदरानं धूळ पुसली आणि आणून टेबलावर ठेवली. साहेबांनी गाठ सोडून आपलाच शेरा पाहिला, तारीख पाहिली. पाच आठवडे झाले होते. वर का ठेवला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर, आपणच लिहिलं होतं, वर ठेवा. त्यांनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं, पण ते रागावले नाहीत. मोठ्या बाबूंशी इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलले, त्यातलं मला एवढंच कळलं की हिला समजावून सांगा. मग मला म्हणाले, या वर्षी बहुतेक हा काम होणार नाही. पुढच्या वर्षी बघू.

बाहेर आल्यावर मोठे बाबू म्हणाले, “बाई, पुट अप म्हणजे सादर करा. टिपणी लिहून साहेबांच्या पुढं ठेवा. वर नाही, पुढं.” आणि त्यांना हसू आवरेना. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण ते मोठ्यानं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोष्ट कार्यालयाच्या तिन्ही विभागांत पोचली. एकानं आपला डबा कपाटावर ठेवला आणि मला विचारलं, मॅडम, पुट अप करून ठेवू का? सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. त्या दिवसापासून मला मागून पुट अप मॅडम म्हणू लागले, आणि मागून म्हटलेलं पुढंही ऐकू येतंच.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर अंबाडीची पानं खुडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की ती हसणाऱ्यांना चार शब्द सुनावेल. तिनं पानं खुडता खुडता विचारलं, “तुले कोनाले इचारता नाई आलं?”

मी म्हटलं, विचारलं असतं तर हसले असते.

“आता नाई हासले?”

मी तिच्याशेजारी पानं खुडायला बसले. आई म्हणाली, “तुया बाप तं रोज इचारे. साहेब, हे कुठं न्याचं, कोनाले द्याचं. तेवीस वर्सं इचारत राह्यला. त्याच्या हातून एक कागद इकडचा तिकडं नाई झाला.” मग खुडलेली पानं टोपलीत टाकत तिनं विचारलं, “अन् त्या बाईले सांगतलं का?”

तोवर मी फक्त माझाच विचार करत होते. त्या मदतनीस बाईंना मी काय सांगितलं होतं आणि त्या हात जोडून का गेल्या, हे आईच्या त्या प्रश्नानंतर माझ्या ध्यानात आलं. त्या आनंदानं का उजळल्या होत्या ते कळलं आणि मला खरी लाज तेव्हा वाटली. कार्यालयातल्या हसण्याची नव्हती वाटली तेवढी.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाबूंच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, मला शिकवा. त्यांनी खणातून एक शब्दकोश काढला. पुठ्ठा गेलेला, कडा काळ्या पडलेल्या. पुट हा शब्द काढून दाखवला. माझ्या समजुतीनं एका ओळीत संपणारा तो शब्द, त्यानं दीड पान व्यापलं होतं. मी ते दीड पान वहीत उतरवून घेतलं. त्यानंतर रोज डबा खाऊन झाला की मोठे बाबू खऱ्या फायलींतून मला शिकवू लागले. बैठक पुट ऑफ झाली म्हणजे पुढं ढकलली. फोन पुट थ्रू करा म्हणजे जोडून द्या. अमुक माणसानं तीस वर्षं पुट इन केली म्हणजे तेवढी सेवा केली. एका पत्रात लिहिलं होतं की पाहणीला येणारे अधिकारी विश्रामगृहात पुट अप होतील. मी म्हटलं, म्हणजे सादर होतील? ते म्हणाले, नाही, उतरतील, मुक्काम करतील. मी वैतागले. शब्द तेच दोन, मग माणसानं ओळखायचं कसं?

“मागचं-पुढचं वाचून,” ते म्हणाले. “आणि तरी नाही कळलं तर विचारून.”

मी रागानं घरी आले आणि मग माझ्याच लक्षात आलं की आपलं ठेवणं तरी कुठं सरळ आहे. आपण विश्वास ठेवतो, लक्ष ठेवतो, पाळत ठेवतो, मान ठेवतो. बाळाचं नाव ठेवतात आणि सुनेला नावं ठेवतात, मध्ये फक्त एका टिंबाचा फरक. बाहेरून आलेल्या माणसानं हे कसं शिकायचं? आमचे साहेब तेच शिकत होते. एकदा एका कर्मचाऱ्याबद्दल त्यांना म्हणायचं होतं की लोक त्यांना नावं ठेवतात, आणि ते म्हणाले, लोक त्यांचं नाव ठेवतात. सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण ते साहेब होते. मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं की चूक साहेबांची असली की माना खाली जातात आणि लिपिकाची असली की डबे कपाटावर जातात. पण त्याबरोबर भीतीही गेली. ज्या भाषेत मी वाढले तिच्यात इतक्या खाचाखोचा मी सहज पार करत होते. दुसऱ्या भाषेतल्या खाचा दिसायला फक्त थोडा वेळ लागणार होता.

पुढच्या रविवारी मी आष्टीची एस.टी. पकडली. आष्टीहून काळीपिवळी जीपनं फाट्यापर्यंत आणि पुढं पायी. जाण्याबद्दल कार्यालयात कोणाला सांगितलं नव्हतं. पर्समध्ये त्या नकाशाची झेरॉक्स होती. मदतनीस बाईंचं घर सापडलं. मला दारात बघून त्यांनी लगेच चार बायकांना हाक मारली, त्यांना वाटलं मी मंजुरीची बातमी आणली. दहा-बारा जणी जमल्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेबांनी काय लिहिलं होतं, मी काय समजले, फाईल कुठं ठेवली, आणि आता हे काम या वर्षी होणं अवघड आहे.

एक-दोघी हसल्या. मदतनीस बाई हसल्या नाहीत.

“हासून नका राहू,” त्या बायकांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “मी साऱ्या गावाले सांगतलं, फाईल वर गेली म्हनून. आता मी काय सांगू, कपाटावर गेली?”

मी म्हटलं, तुम्ही सांगू नका, ते सांगायलाच मी आले. चूक माझी आहे. मला शब्द कळला नाही आणि मी विचारलं नाही.

कोपऱ्यात एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमाले बी कोनी काई लिवून देल्लं तं आमी अंगठा देतो. इचारत नाई.” त्या सहज बोलून गेल्या, पण वातावरण त्यानं सैल झालं. कोणीतरी पाणी आणलं. मदतनीस बाई मात्र दूर उभ्या होत्या. त्यांचा शब्द गावात खोटा पडला होता आणि तो माझ्यामुळं पडला होता. पाण्यानं ते भरून येणार नव्हतं.

मी विचारलं, नाला दाखवता का? सगळ्या जणी निघाल्या. उन्हाळ्याच्या तोंडचं पाणी, घोट्याएवढं. एक मोठा सपाट दगड होता, त्याच्या बाजूनं पायवाट उतरत होती आणि पलीकडे चढत होती. मी झेरॉक्स उलगडली. नकाशात रपट्याची जागा विहिरीजवळ दाखवली होती. विहीर कुठं, म्हणून विचारलं तर बायकांनी वरच्या अंगाला हात केला, बऱ्याच लांब.

“तिकडं काऊन?” मदतनीस बाईंनी पहिल्यांदा कागदात डोकं घातलं. “त्या कडेनं कोन जाते? तिथं तं बैल बी उतरत नाई.”

थोड्या वेळानं उलगडा झाला. मोजणीला आलेली जीप विहिरीपर्यंतच जाऊ शकली होती. उन्हाळ्याचे दिवस, माणसं जीपमधून उतरली, समोर नाला होता, तिथंच फीत धरली. बायका तेव्हा शेतात होत्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी मला सपाट दगडापाशी नेलं आणि पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते काठावरच्या झाडाच्या बुंध्याला हात लावून दाखवलं. अंगणवाडीचा खाऊ डोक्यावर घेऊन त्या रोज इथूनच जात होत्या. या नाल्याबद्दल त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी सगळं लिहून घेतलं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, “आता हे लिवजो. कपाटावर नको ठेवजो.”

सोमवारी मी टिपणी लिहिली. मी निघण्याआधी बायकांनी जागेबद्दल नवीन अर्ज करून दिला होता तो जोडला, जागा का बदलावी ते चार ओळींत लिहिलं, आणि शेवटी एक ओळ लिहिली, ‘सदर प्रकरण माझ्या गैरसमजामुळे पाच आठवडे प्रलंबित राहिले.’ मोठ्या बाबूंनी वाचलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही काढा. माणूस निवृत्त होतो, फाईल होत नाही. तुमची अजून तीस-बत्तीस वर्षं आहेत.”

मी विचारलं, यात चुकीचं काही लिहिलं आहे का?

ते म्हणाले, “चुकीचं नाही. पण असं कोणी लिहीत नाही.”

मी ती ओळ ठेवली. त्यांनीही पुढं आग्रह केला नाही, सही केली.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. टिपणी समोर होती. त्यांनी जागेबद्दलच्या ओळींवर पेन टेकवलं आणि विचारलं, कॅन यू पुट इट टू द इंजिनिअर?

“सर, इथं पुट म्हणजे काय?” मी विचारलं. हा प्रश्न विचारताना माझा आवाज जराही बारीक झाला नाही, हे मला अजून आठवतं.

साहेब थांबले. त्यांनी खिशातून एक लहान वही काढली, काहीतरी शोधलं, मिळालं नाही. “त्यांना सांगणे... त्यांच्यासमोर ठेवणे,” ते म्हणाले.

“मांडणे,” मी म्हटलं.

“मांडणे,” ते म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. मग शेवटच्या ओळीकडे वळले. ही ओळ लिहिल्याबद्दल त्यांनी माझं कौतुक केलं नाही. विलंब झाला म्हणून मला लेखी ताकीद दिली, ती माझ्या सेवेच्या कागदांत लागली. ते बरोबरच होतं.

अभियंता साहेबांपुढं मी विषय मांडला तेव्हा ते नाराज झाले. चाळिशी ओलांडलेले, कामात हुशार. जागा ठरवणं हे लिपिकाचं काम नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी म्हटलं, खरं आहे सर, मी ठरवत नाही. ज्या बाई रोज तो नाला ओलांडतात त्या सांगतात. आपण एकदा पावसाळ्यात जाऊन बघावं. त्यांनी फाईल मिटून बाजूला सारली. निधी त्या मार्चमध्ये मिळाला नाही. प्रकरण पुढच्या वर्षात गेलं.

जुलैमध्ये ते अभियंता कोणाला न सांगता त्या गावी गेले. मला हे बाईंकडून कळलं. नाला भरून वाहत होता. ते अलीकडच्या काठावर तासभर छत्री धरून उभे होते, मग बाईंना बोलावून त्यांनी झाडाच्या बुंध्यावरच्या पाण्याच्या खुणा विचारल्या. परत येऊन त्यांनी नकाशा बदलला. जागा सपाट दगडाच्या बाजूची धरली आणि नळ्या वाढवल्या.

तुझी चूक झाली म्हणून तर रपटा योग्य जागी झाला, असं मला नंतर काही जण म्हणाले. मी तसं म्हणत नाही. त्या पावसाळ्यात अंगणवाडी एकोणीस दिवस उघडली नाही. बाईंनी मोजलेले होते आणि मला मोजून सांगितले. ते एकोणीस दिवस माझे आहेत.

रपटा पुढच्या हिवाळ्यात झाला. उद्घाटन वगैरे काही नव्हतं. बायकांनी वर्गणी काढून नाल्याच्या काठावर रोडगे केले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे, वर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. मला बोलावणं आलं. मी आईला घेऊन गेले. अभियंता साहेबही आले होते, पंगतीत मांडी घालून बसले होते आणि तिसऱ्यांदा भाजी मागत होते. मदतनीस बाई वाढत होत्या. माझ्या ताटापाशी आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, अजून नोकरी हाये ना? मी म्हटलं, आहे. “मंग खाय,” म्हणाल्या आणि रोडग्यावर तूप ओतलं. त्या दिवशी त्या माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या. माझी आई आणि त्या आजी रपट्याच्या कठड्यावर बसून कितीतरी वेळ बोलत होत्या. कशाबद्दल, ते आईनं मला सांगितलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मोठे बाबू निवृत्त झाले, साहेब बदलून गेले, जाताना निरोपाच्या भाषणात एकही चूक न करता दहा मिनिटं मराठीत बोलले. ताकीद असूनही माझी बढती वेळेवर झाली. आज त्याच कार्यालयात मी अधीक्षक आहे. फायली संगणकावर आल्या. इंग्रजी पत्र आलं तर लोक ते माझ्याकडे आणतात आणि मी ते वाचून सांगते. कधी एखादा शब्द अडतो. तेव्हा मी सगळ्यांसमोर शब्दकोश काढते. पुट अप मॅडम हे नाव मात्र अजून पूर्ण गेलेलं नाही, नव्या मुलींना ते का पडलं ते माहीत नसतं आणि त्या विचारतात. मी सांगते.

मदतनीस बाई दोन-तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आमच्यात फार येणं-जाणं नाही. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी कार्यालयात असताना त्यांचा फोन आला. आदल्या रात्री आष्टीकडं जोराचा पाऊस झाला होता, त्यामुळं मी जरा घाबरतच उचलला.

“दोन घंटे रपट्यावरून पानी गेलं,” त्या म्हणाल्या. “मंग उतरलं. अकराले नवी मदतनीस गेली पलीकडं. अंगनवाडी खोलली.”

मी विचारलं, कठडा वगैरे नीट आहे ना?

“नीट हाये. काई नाई झालं त्याले.” मागं कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. “बस, एवढंच सांगाचं होतं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.